रणगाडा कधी येणार?

सकाळी फिरायला येणारे विचारतात, भाजीवाला विचारतो, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला अनोळखी माणूसही विचारतो: "बागेत सैनिकांचं स्मारक होतंय म्हणे. रणगाडा कधी येणार?" मी नगरपालिकेच्या उद्यान विभागातून अभियंता म्हणून निवृत्त झालो. त्यानंतर शहरातल्या माजी सैनिकांनी मला स्मारक समितीत घेतलं, आणि उत्तरं द्यायचं काम माझ्याकडे आलं. "नाही येणार" म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडतो आणि पुढचं ऐकायला तो थांबत नाही. तर तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगतो.

रणगाडा मिळतच नाही असं नाही. सैन्यातून बाद झालेले टी-५५ आणि विजयंता देशभर चौकाचौकांत उभे आहेत. रीतसर अर्ज आणि मंजुरी लागते, एवढंच. पण टी-५५चं वजन ३६ टन. तोफेच्या नळीसकट लांबी सुमारे ९ मीटर. आणायला लांब ट्रेलर, उतरवायला क्रेन, खाली काँक्रीटचा जाड चौथरा. आमच्या बागेच्या फाटकातून कचऱ्याचा ट्रॅक्टर जेमतेम आत येतो. म्हणजे कुंपणाची भिंत पाडायची आणि भिंतीलगतच्या वडाच्या मुळ्या तोडायच्या. हे मला मुळीच पटत नव्हतं, पण खरी अडचण त्यानंतरची आहे. रणगाडा उभा राहिला की पोरं त्यावर चढणार. एखादं पडणार. मग रेलिंग येणार, रेलिंगला फाटक, फाटकाला कुलूप, आणि किल्ली कोणाकडे ते कोणालाच ठाऊक नाही. नोकरीत असताना मी संगीत कारंज्यांचा हाच प्रवास पाहिलाय. खेळायला आलेल्या पोराला रणगाडा दाखवायचा आणि वर हात लावू नको म्हणायचं, हा निव्वळ छळ आहे. रणगाडेच बघायचे असतील तर पोरांना घेऊन अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये जा. १९९४ सालापासून ते आहे, आणि १९६५ मध्ये पाकिस्तानकडून जिंकलेला पॅटनही तिथे बघायला मिळतो.

समितीतल्या एका निवृत्त सुभेदारांनी तर विषयच संपवला. म्हणाले, "साहेब, आपल्या यादीत रणगाड्यावरचा माणूस आहे तरी कोण?" पाहिलं तर बहुतेक सगळे मराठा किंवा महार रेजिमेंटच्या पायदळातले, काही सिग्नल्सचे म्हणजे संदेशवहनाचे, काही लष्करी ट्रक चालवणारे, नौदलाचा एक इंजिनरूममधला, हवाई दलाचे दोघे. सगळ्यांच्या वतीने एकट्या रणगाड्याने का बोलायचं?

"मग बघायला काय असणार?" हा पुढचा प्रश्न. पुतळा का नाही, हेही त्यातच येतं. पुतळ्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता लागते, आणि एवढं करून पुतळ्याचा चेहरा कोणाचा, यावर शहरात दोन तट पडतात. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ला इटलीत लढताना धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. त्यांच्या नावाने मोंतोने या छोट्या इटालियन गावाने २०२३ मध्ये स्मारक उभारलं, ते सूर्यघड्याळाचं. स्मारक असंही असतं, हे लोकांना पटवायला मला तो फोटो फार उपयोगी पडला. आम्ही मात्र सूर्यघड्याळही केलं नाही. आमच्याकडे आहे ती नावांची भिंत, साधारण छातीइतक्या उंचीची, आणि तिच्यासमोर बसायला दगडी कट्टा.

आता नावांचं सांगतो, कारण सगळं घोडं तिथेच अडलं होतं. दगड, नकाशा, अंदाजपत्रक या गोष्टी आम्ही भरभर उरकल्या. यादी उरकेना.

लढाईत गेलेल्यांबद्दल वाद नव्हता. पण प्रशिक्षणात स्फोट होऊन गेलेला? काश्मीरमध्ये ताफ्यातली गाडी दरीत पडून गेलेला? सेवेत असताना आजारपणाने गेलेला? सैन्याच्या कागदोपत्री युद्धातली जीवितहानी वेगळी आणि इतर जीवितहानी वेगळी. पेन्शन आणि सवलतींसाठी ते वर्गीकरण लागतं, हे मान्य. बागेतल्या भिंतीला ते कशाला? एका बैठकीला एक वडील आले होते. मुलगा केंद्रीय राखीव पोलीस दलात होता, छत्तीसगडमध्ये गेला. त्यांनी एवढंच विचारलं, "आमचा मुलगा सैनिकांत धरणार का?" निमलष्करी दल गृहखात्याकडे येतं, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं, आणि कोणीही तोंड उघडलं नाही. त्या दिवशी नियम ठरला: गणवेशात, सेवेत असताना जो गेला तो भिंतीवर. पोलीसही त्यात आले. काही जणांना हा नियम फार सैल वाटतो. वाटू दे.

त्याहून अवघड प्रश्न होता परत आलेल्यांचा. स्मारक माजी सैनिकांचं म्हणायचं तर १९६२, १९६५, १९७१, श्रीलंका, कारगिल इथून घरी आलेल्या माणसांनी जायचं कुठे? एका सदस्याने सुचवलं, सेवा केलेल्या सगळ्यांचीच नावं कोरू. त्यावर एका हवालदारांच्या पत्नी फाडकन म्हणाल्या, "अहो, हे अजून सकाळी दूध आणायला जातात. जित्या माणसाचं नाव दगडावर कोरता होय?" सगळे हसले, पण वहिनींचं म्हणणं बरोबर होतं. आपल्याकडे हे कोणाच्याच घरात चालणार नाही.

इथे जुन्या इंग्रजी अमलातल्या पाट्या कामाला आल्या. साताऱ्याकडे आणि कोकणात कित्येक गावांत पहिल्या महायुद्धाची संगमरवरी पाटी अजून सापडते: चावडीत, शाळेच्या भिंतीत, कधी देवळाशेजारी. या गावातून इतके जण १९१४ ते १९१९च्या महायुद्धाला गेले, त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले, बस. नाव एकाचंही नाही. सातारा तालुक्यातलं अपशिंगे तर मिलिटरी अपशिंगे म्हणूनच ओळखलं जातं. पहिल्या महायुद्धात तिथले ४६ जण धारातीर्थी पडले आणि त्यांचा स्तंभ गावात आहे. साहेबाने नावं लिहिली नाहीत याचा मला रागच येतो. पण त्या पाट्यांवरच्या दोन आकड्यांत एक शहाणपण आहे. युद्धाला गेले किती तेही लिहिलंय, आणि परत आले नाहीत किती तेही. परत आलेल्यांना वगळलेलं नाही.

म्हणून आम्ही दोन भाग केले. गेलेल्यांची नावं दगडावर. ज्यांनी सेवा केली त्या सगळ्यांची, हयात असोत वा नसोत, एक जाड बांधीव नोंदवही. ती बागेच्या कोपऱ्यातल्या नगरपालिकेच्या वाचनालयात ठेवायची. नाव, पलटण, भरतीचं आणि निवृत्तीचं साल, कुठे कुठे होते, आणि हवं असल्यास चार ओळी स्वतःच्या हाताने. १९७१ला पूर्वेकडे होतो, आमची कंपनी अमुक नदी अशी ओलांडली, असं एक आजोबा लिहीत बसतात आणि त्यांचा नातू शेजारी बसून ऐकतो. मला विचाराल तर आमचं खरं स्मारक ही वही आहे. फोटोत ती चांगली दिसत नाही, म्हणून वर्तमानपत्रात भिंत येते.

भिंतीवर नावांचा क्रम कसा लावायचा, हीसुद्धा एक लढाईच. हुद्द्याप्रमाणे म्हणावं तर जवान खाली आणि अधिकारी वर. खडकीच्या युद्ध-दफनभूमीत अधिकाऱ्याचा आणि शिपायाचा दगड एकाच मापाचा आहे. ते पाहून आलेल्यांनी हुद्द्याचा आग्रह सोडला. मग अकारविल्हे लावू म्हणाले. इथे मी वॉशिंग्टनची गोष्ट सांगितली. व्हिएतनाम युद्धातल्या मृतांच्या भिंतीसाठी १९८१ मध्ये स्पर्धा झाली, आणि माया लिन या २१ वर्षांच्या विद्यार्थिनीचा आराखडा निवडला गेला. तिने नावं मृत्यूच्या तारखेप्रमाणे लावली. माजी सैनिकांना ती आद्याक्षराप्रमाणे हवी होती; पण यादी समोर आली तेव्हा त्यात शेकडो स्मिथ एकाखाली एक. टेलिफोन डिरेक्टरी झाली असती. आमच्याकडे स्मिथच्या जागी जाधव, पाटील आणि शिंदे. तारखेचा क्रम सगळ्यांनी मान्य केला. त्याच भिंतीसाठीचा काळा ग्रॅनाइट बंगळुरूकडून गेला होता, हे सांगितल्यावर आमचा दगडवाला एकदम खूश झाला आणि भाव मात्र तोच ठेवला. आणखी एक. ती भिंत नुसतीच काळी, उदास आहे अशी ओरड झाली, म्हणून १९८४ला तिच्याजवळ तीन सैनिकांचा ब्राँझचा पुतळा बसवला. म्हणजे "रणगाडा कुठाय" हा प्रश्न तिकडेही होताच.

कोरण्याबद्दल एक-दोन गोष्टी, पुढे कोणाच्या उपयोगी पडतील म्हणून. अक्षरं खोल कोरून घ्या. नुसता सोनेरी रंग दोन-तीन पावसाळ्यांत उडतो. वाळूचा मारा करून कोरताना देवनागरी जोडाक्षरांची पोटं बुजतात, त्यामुळे अक्षर बोटभर उंचीचं तरी हवं. सगळ्यात खालची ओळ गुडघ्याच्या वर, सगळ्यात वरची बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीत. चाकाच्या खुर्चीवरून आलेल्या माणसाला नाव वाचता आलं पाहिजे आणि त्याला हातही लावता आला पाहिजे. उताराचा रॅम्प बाराला एक, म्हणजे बारा फुटांना एक फूट चढ. आणि एकच मोठी शिळा नको. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकात, २५ फेब्रुवारी २०१९ला त्याचं लोकार्पण झालं तेव्हा, २५,९४२ नावं होती, आणि प्रत्येक नावाला ग्रॅनाइटची स्वतंत्र पाटी. नाव चुकलं तर एकच पाटी बदलते. नवीन नाव आलं, न येवो, तर भिंत पाडावी लागत नाही. आम्ही तेच केलं आणि शेवटी काही पाट्या कोऱ्या सोडल्या. कोऱ्या पाट्या अशुभ आहेत असं म्हणणारे भेटले. त्यांच्याशी वाद घालायचा नाही असं समितीत ठरलंय.

नावांच्या लेखनाचा ताप वेगळाच. सेवेच्या कागदांत नाव इंग्रजीत, शिवाय कारकुनाने ऐकलं तसं. महादेव की महादू, घरचे एक सांगतात, शाळेचा दाखला दुसरं. शेवटी घरच्यांची सही ज्या कागदावर, तेच नाव धरलं.

पैशाचं थोडक्यात सांगतो. पुण्यात घोरपडीला दक्षिण कमांडचं युद्धस्मारक १९९८ मध्ये लोकवर्गणीतून झालं. तो दाखला डोळ्यासमोर होता, म्हणून आम्हीही वर्गणीच काढली. लोकप्रतिनिधींचा निधी घेतला तर कोनशिला येते, आणि कोनशिलेवर सन्माननीयांची नावं गेलेल्या जवानांच्या नावांपेक्षा मोठ्या अक्षरांत येतात. ठरावातच लिहून घेतलं: उद्घाटनाची पाटी फाटकाजवळ, आणि तिचं अक्षर भिंतीवरच्या अक्षराहून मोठं नसेल. सर्वसाधारण सभेत हे कलम मंजूर झालं तेव्हा मीच चाट पडलो.

जमलेल्या पैशांतला चांगला मोठा वाटा मुदत ठेवीत आहे, हे ऐकलं की लोक चिडतात. "एवढे पैसे पडून ठेवलेत, त्यात रणगाडा आला असता!" त्यांना मी जुन्या हुतात्मा स्मारकांकडे बोट दाखवतो. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला, मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळात, स्वातंत्र्यलढ्यातल्या हुतात्म्यांसाठी राज्यभर दोनशेच्या आसपास स्मारकं बांधायचं काम निघालं. कल्पना मोठी होती. आज त्यांतली काही नीट आहेत, आणि किती तरी ठिकाणी फुटक्या काचा, गवत आणि पत्त्यांचा डाव. बांधायला निधी असतो, झाडायला नसतो. ठेवीच्या व्याजात आमची भिंत धुतली जाईल, दिवा बदलेल, बुजलेली अक्षरं साफ होतील.

कार्यक्रमांचं आम्ही मुद्दाम आवरतं घेतलंय. २६ जुलै हा कारगिलचा आणि १६ डिसेंबर हा १९७१चा विजय दिवस, ते तर असणारच. १४ जानेवारी हा माजी सैनिक दिन, फील्ड मार्शल करिअप्पा १९५३ मध्ये त्याच तारखेला निवृत्त झाले म्हणून. आपल्याकडे बहुतेक वर्षी त्याच दिवशी संक्रांत. तेव्हा त्या दिवशी भाषणं नाहीत, हार नाहीत. माजी सैनिक कट्ट्यावर बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तिळगूळ देतात.

वहीतली नोंद अजून सुरू आहे. तुमच्या घरात कोणी सेवेत होतं किंवा आहे, तर वाचनालयात या. सैन्यातून सुटताना मिळालेलं डिस्चार्ज बुक असेल तर पहिल्या पानाची झेरॉक्स आणा. नसेल तर पेन्शनचा कागद चालेल, तोही नसेल तर ओळखणारे दोन माजी सैनिक सोबत आणा. फोटो नको. जातीचा रकाना नाही, तो शोधू नका. पत्त्यात गल्ली लिहा, प्रभाग क्रमांक लिहू नका. तो दर निवडणुकीला बदलतो.