ऑल्स्टनच्या फुटपाथवरचा सरवा

बॉस्टनमध्ये विद्यार्थ्यांच्या बहुतेक घरांचे भाडेकरार ३१ ऑगस्टला संपतात आणि १ सप्टेंबरला नवे सुरू होतात. एकाच वेळी अर्धी वस्ती घर बदलते. नेता येत नाही ते सगळं फुटपाथवर येतं. ऑल्स्टन भागात हे इतकं होतं की लोक त्याला ‘ऑल्स्टन ख्रिसमस’ म्हणतात. मी पुण्याहून दोन बॅगा घेऊन पोचले ती नेमकी याच दिवसांत. आमच्या तिघींच्या घरात बसायला साधी सतरंजीसुद्धा नव्हती.

संध्याकाळी आमच्या विभागातली एक मराठी ताई म्हणाली, “चल, डम्पस्टर डायव्हिंगला जाऊ.”

तिनेच अर्थ सांगितला: लोकांनी टाकलेल्या वस्तूंतून कामाचं शोधून आणणं. डम्पस्टर म्हणजे इमारतीमागे ठेवलेली कचऱ्याची मोठी लोखंडी पेटी. टेनेसीतल्या नॉक्सव्हिलच्या डेम्पस्टर बंधूंनी १९३०च्या दशकात यंत्राने उचलून ट्रकमध्ये रिकामी करता येईल अशी पेटी बनवली. त्यांचं आडनाव आणि ओतून टाकणं या अर्थाचा ‘डम्प’ मिळून हा शब्द झाला. पेटी उंच, तळाशी हात पोचवायचा तर डोकं खाली घालून आत वाकावं लागतं, म्हणून डायव्हिंग, सूर मारणं.

मला मात्र ते ऐकून आजी आठवली. शाळेतून उशिरा आले की ती विचारायची, “कुठे उकिरडे फुंकत होतीस?” पाय उचलेना.

“अगं, पेटीत उतरायचं नाहीये,” ताई म्हणाली. तिचे नियम पक्के होते. फुटपाथवर ठेवलेलं घ्यायचं. कुणाच्या आवारातल्या पेटीला हात लावायचा नाही, कारण परक्याच्या जागेत शिरणं गुन्हा ठरू शकतो. गादी आणि कापडी सोफा कितीही चांगला दिसो, नको. ढेकूण. लाकूड, धातू, काच चालेल, पण सांधे आणि स्क्रूंची भोकं टॉर्च लावून बघायची. ढेकूण तिथेच दडतात, आणि बारीक काळे ठिपके दिसले की वस्तू जागेवर सोडायची.

तीन फेऱ्या झाल्या. एक जेवणाचं टेबल, दोन खुर्च्या, एक दिवा, बीडाचा एक जड तवा. तव्यावर गंज होता. घासून, तेल लावून तापवल्यावर त्यावर पहिल्याच आठवड्यात घावन सुटलं. टेबलाचा एक पाय डुगडुगत होता, तो स्क्रू आवळून ठीक झाला. एका चौकात एक म्हातारे गृहस्थ बाटल्या आणि डबे गोळा करत होते. तिथे सोडा, बिअर अशा पेयांच्या बाटली-डब्यामागे पाच सेंट अनामत परत मिळते. आमच्या सोसायटीत कचरा घ्यायला येणाऱ्या मावशींची आठवण झाली. पुण्यात त्यांच्यासारख्यांनी १९९३मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी केली. त्यांचं ते रोजचं पोट आहे, माझी ती एका संध्याकाळची सोय होती. दोन्हींना एकच शब्द लावणं मला पटत नाही. त्या गृहस्थांच्या वाटेतल्या बाटल्यांना आम्ही हात लावला नाही.

रात्री आईला फोनवर सगळं सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. ती जरा थांबली आणि म्हणाली, “अगं, हा तर सरवा. भुईमूग काढून झाला की आम्ही पोरी शेतात राहिलेल्या शेंगा वेचायला जायचो. मालक अडवत नसे.”

पुढच्या ३१ ऑगस्टला आम्ही घर सोडलं. टेबल पुसून फुटपाथवर ठेवलं आणि वर कागद चिकटवला: चारही पाय घट्ट आहेत, ढेकूण नाहीत. तवा मात्र मी बरोबर घेतला.