पाळीवरची झोप

लालबागला आमची चाळीतली खोली १० बाय १२ची आणि राहणारी माणसं आठ. आताच्या पोरांना सांगितलं की पहिला प्रश्न एकच, मग झोपायचात कुठे? अरे पाळीवर झोपायचो! बाबा, काका आणि गावचे दोघं, चौघेही कापड गिरणीत, पण पाळ्या वेगळ्या त्यामुळे सगळे एकदम घरात रविवार सोडला तर नसायचेच, आणि रविवारी पुरुष मंडळी गॅलरीत नाहीतर खाली फुटपाथवर पथारी टाकायची. बाबा साचेखात्यात, म्हणजे मागांवर कापड विणायला. रात्रपाळी असली की सकाळी सातनंतर यायचे, केसात भुवयांवर कापसाची तूस, आंघोळ चहा भाकरी झाली की पहिल्या पाळीला गेलेल्या काकांच्याच वळकटीवर आडवे.

घरात घड्याळ होतं पण त्याच्याकडे बघायचं कोण, भोंगा होता ना. पहिल्या भोंग्याला आई स्टोला पिन मारायची आणि दुसऱ्याला डबा भरलेला असायचा. आसपास इतक्या गिरण्या, प्रत्येकीच्या भोंग्याचा आवाज वेगळा, आम्ही पोरं डोळे मिटून सांगायचो कुठली ते.

दिवसा आरडाओरडा करायचा नाही हा मोठ्ठा नियम. कारण प्रत्येक दाराआड कोणाचे तरी बाबा नाहीतर काका झोपलेले. आमच्या मजल्यावर क्रिकेटसुद्धा मुक्याने चालायचं, आउट झाला की नुसतं बोट वर, भांडण पण हातवारे करून आणि फारच पेटलं तर खाली जाऊन.

१८ जानेवारी १९८२ला कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास गिरणी कामगार घरी बसले. मला तेव्हा पगारबिगार काही कळत नव्हतं, मला कळलं ते एवढंच की रात्री झोपायला जागा नाही. आठच्या आठ जण एकदम घरात! आजी मोरीला पाय लावून, आम्ही दोघं भाऊ खाटेखाली. आणि बाबांना तर रात्री झोपच यायची नाही, इतकी वर्षं पाळ्या करून शरीराला सवयच राहिली नव्हती. एकदा मध्यरात्री लघवीला उठलो तर गॅलरीभर माणसं, कठड्याला टेकून बिड्या ओढत बसलेली, आणि बोलणं एकदम हळू, आत पोरं झोपलीयत म्हणून.

मग गावचे दोघं परत गावाला गेले. मग काका. उधारी वाढली, वाण्याने वही मिटली, आईच्या बांगड्या गेल्या. तो संप मागे घेतल्याचं आजपर्यंत कोणी जाहीर केलेलं नाही, पण आमच्या मजल्यावर एकेका दाराला कुलूप लागत गेलं.

मे महिन्यात शाळा संपल्यावर आजी, आई आणि आम्ही दोघं भाऊ एसटीने कणकवलीला आलो ते शाळेचे दाखले घेऊनच. बाबा खोली राखायला तिथेच राहिले, एकटे, त्या १० बाय १२मध्ये.