'जी'वरची थरथर: बेसवाले सुटले, पंखे सापडले

आपल्या चर्चच्या गायकवृंदाने रेकॉर्ड केलेल्या मागच्या तिन्ही स्तोत्रांत ओळ संपता संपता शेवटच्या 'जी' या सुरावर (पांढरी पाच) जी थरथर येत होती, ती बेसच्या, म्हणजे सर्वात खालच्या आवाजात गाणाऱ्या पुरुषांच्या, गळ्यातली नाही. पंख्यांची आहे.

हिशेब सरळ आहे. आपली वीज 50 हर्ट्झची. पंख्याची मोटर तिच्या दुपटीवर गुणगुणते, म्हणजे 100 वर, शिवाय 200, 300, 400 वर. बेसचा खालचा जी 98 चा, टेनरचा, म्हणजे वरच्या आवाजात गाणाऱ्या पुरुषांचा, 196 चा. 98 आणि 100 एकत्र वाजले की सेकंदाला 2 ठोके पडतात, म्हणजे आवाज तितक्या वेळा लहान-मोठा होतो; 196 आणि 200 चे 4. भर आवाजात गुणगुण दबून जाते. सूर विरायला लागला की दोन्ही एका पातळीवर येतात आणि ठोके उघडे पडतात. रेकॉर्डिंगला चर्च रिकामं, त्यामुळे घुमारा लांबतो आणि रविवारच्या मिस्सेत (उपासनेत) न जाणवणारी थरथर इथे कानात भरते.

तपासायचं तर रेकॉर्डर बॅटरीवर ठेवा, चार्जर काढा, सगळ्यांना गप्प करा आणि 30 सेकंद घ्या. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्लॉट स्पेक्ट्रम (कोणत्या हर्ट्झवर किती आवाज, त्याचा आलेख) काढा, साइझ 16384. त्याहून कमी ठेवलं तर रेषा पसरट दिसतात. बॅटरीवरही रेषा राहिल्या तर अर्थिंगचा दोष नाही. मग एकेक पंखा बंद करत जा.

खरा खोडकर निघाला रेग्युलेटर. सलग फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेच्या प्रत्येक अर्ध्या लाटेचा तुकडा कापून वेग कमी करतो, आणि त्या कापलेल्या कडांनी मोटर गुरगुरते. मधल्या वेगावर सर्वात वाईट. पूर्ण वेगावर गुरगुर जवळपास जाते, पण वारा थेट माइकवर. खटक्याने टप्पे बदलणारा कपॅसिटरचा रेग्युलेटर लाट कापत नाही. दुकानदार 'दोन्ही सारखेच' म्हणतात. ऐकू नका, खटक्याचाच मागा.

सॉफ्टवेअरने धुऊन काढायचा नाद सोडा. नॉइज रिडक्शन 12 डेसिबलवर नेलं की आवाज पाण्याखालून आल्यासारखा लागतो. 200 वर क्यू 30 चा नॉच (ठरावीक अरुंद पट्टा कापणारा फिल्टर; क्यू जितका मोठा तितका पट्टा अरुंद) लावला तर साधारण 197 ते 203 चा पट्टा जातो, आणि टेनरचा जी नेमका त्याच्या काठावर. पंखे बंद ठेवावेत, तर वडोदऱ्याच्या मे महिन्यात घामेजलेले सोप्रानो (सर्वात वरचा आवाज गाणारे) दुसऱ्या कडव्यापासूनच सुरातून उतरायला लागतात.

बाकी बातमी चांगली. माइकची जोडी (17 सेंटिमीटर अंतर, 110 अंश) 3 मीटरवरून 2 मीटरवर आणल्यावर थेट आवाज साडेतीन डेसिबलने वाढला. 'ख्रिस्त'मधला 'ख्रि' आता घुमाऱ्यात बुडत नाही. लाउडनेस (रेकॉर्डिंगची सरासरी आवाज-पातळी, LUFS या एककात) -18 लाच ठेवलाय. यूट्यूब -14 च्या वरचं खाली आणतं, खालचं वर उचलत नाही, म्हणून ऐकणाऱ्याने आवाज थोडा वाढवावा. कॉम्प्रेसर (लहान-मोठा आवाज एकसारखा करणारं साधन) लावून स्तोत्राची जाहिरात करायची नाही.

सगळे रेग्युलेटर बदलायचं ठरत होतं, पण हे लिहिता लिहिता फुकटचा उपाय सुचला: पट्टीच बदलायची. पांढरी पाचऐवजी पांढरी चार घेतली की टेनर 174.6 वर येतो, 200 पासून इतका लांब की संथ ठोके पडायचा प्रश्नच नाही. अडचण बेसची, खालचा एफ 87 चा, तिथे दोघांचाच आवाज पोचतो. म्हणून प्रतिसाद स्तोत्र (मिस्सेत लोक ज्याचं ध्रुवपद परत म्हणतात ते) आधी पांढरी चारमध्ये, मग पांढरी सहामध्ये घेऊ. सहामध्ये सोप्रानो किंचाळले नाहीत, तर रेग्युलेटर फक्त माइकजवळच्या दोन पंख्यांचे बदलू.