हिरड्यांची सफाई आणि अडीच महिने अडलेले एक पत्र

दात घासताना थुंकीत रक्त दिसत असे आणि त्याचा दोष मी जवळजवळ वर्षभर ब्रशला देत राहिलो. मधुमेह होऊन नऊ वर्षे झाली होती. डोळे, मूत्रपिंड आणि पाय यांची तपासणी मी ठरल्या वेळी करून घेत असे. पण हिरड्या दाखवा, असे मला कोणी कधी सांगितले नव्हते आणि मलाही ते सुचले नव्हते. खालचे पुढचे दोन दात हलू लागले तेव्हा मी दंतवैद्यांकडे गेलो. त्यांनी खुणा केलेली बारीक सळई प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी घालून हिरडी आणि दात यांच्यामधली खोली मोजली. निरोगी हिरडीत ती साधारण ३ मिलिमीटरपर्यंत असते. माझ्या दाढांपाशी ती ६ आणि ७ भरली. एक्स-रेमध्ये हाड झिजलेले दिसले. हिरडीखालची खोल सफाई करायची, हे तिथेच ठरले.

ती सफाई सुरू व्हायला मात्र अडीच महिने लागले, आणि त्याची चीड अजून गेलेली नाही. माझे एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींमध्ये चिकटलेल्या साखरेचे प्रमाण, ८.९ टक्के होते. साखर उतरल्याचा अहवाल आणि मधुमेहाच्या डॉक्टरांचे ‘उपचारास हरकत नाही’ असे पत्र आणल्याशिवाय पुढची तारीख मिळणार नाही, असे मला सांगण्यात आले. मधुमेहाच्या दवाखान्यात गेलो, तर दातांचे काम दातांच्या डॉक्टरांनीच ठरवावे, आम्ही अशी पत्रे देत नाही, असे उत्तर मिळाले. दुसऱ्या खेपेला पत्र मिळाले, पण त्यात मला मधुमेह असून औषधे चालू आहेत एवढेच लिहिले होते, म्हणून ते परत आले. मग पंधरा दिवसांनी एचबीए१सी पुन्हा करून आणण्यास सांगितले गेले आणि ते ८.८ आले. दुसरे काही येणे शक्यही नव्हते, कारण तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि हा आकडा गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा असतो. पंधरवड्यात तो फारसा हलत नाही.

मला सर्वांत जास्त खटकले ते हे, की जी सूज साखर चढती ठेवण्यास हातभार लावते, तिच्यावर उपचार करण्याआधी मीच साखर उतरवून दाखवावी, अशी अपेक्षा होती. साखर वाढलेली असली की जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचे काम बिघडते, जखम भरायला वेळ लागतो आणि हिरड्यांतील दाह वाढतो. उलट त्या दाहातून रक्तात उतरणारी द्रव्ये इन्सुलिनचा परिणाम कमी करतात. हिरड्यांच्या आजारांचे संशोधक हराल्ड लोए यांनी १९९३ मध्येच हिरड्यांच्या आजाराला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटले होते. इम्प्लांट किंवा शस्त्रक्रियेपूर्वी साखर आटोक्यात हवी, हे मला पूर्ण मान्य आहे. पण साध्या खोल सफाईसाठी इतके थांबवणे योग्य नव्हते.

ही गाठ सुटली ती एका कागदामुळे. कोणता उपचार, किती बैठका, भूल कोणती, कोणती औषधे चालू आहेत आणि नेमकी शंका कोणती, हे सर्व मी एका पानावर मांडले आणि खाली दंतवैद्यांना त्यांच्या हाताने प्रश्न लिहून द्यायला विनंती केली. तो प्रश्न पाहताच मधुमेहाच्या डॉक्टरांनी त्याच पानावर ‘सफाई लांबवू नये’ असे लिहून सही केली. ते पान हातात आले तेव्हा मला फार हायसे वाटले. तुमच्यावर अशी वेळ आली तर नुसते ‘पत्र द्या’ म्हणू नका, प्रश्न लेखी घेऊन जा.

सफाई चार बैठकांत झाली. तीन महिन्यांनी पुन्हा मोजले तेव्हा बहुतेक ठिकाणी खोली ४ वर आली होती, रक्त थांबले होते आणि एचबीए१सी ८.१ झाले होते. या काळात माझ्या औषधाची मात्राही वाढवली होती, त्यामुळे सगळे श्रेय मी सफाईला देणार नाही. अनेक चाचण्या एकत्र पाहिल्या, तर अशा उपचारानंतर तीन-चार महिन्यांनी एचबीए१सीमध्ये सरासरी ०.४ टक्क्याच्या आसपास घट आढळते.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती: बैठक सकाळची घ्या आणि नेहमीप्रमाणे खाऊन, औषध घेऊनच जा, कारण भूल उतरेपर्यंत नीट खाता येत नाही आणि उपाशीपोटी साखर एकदम खाली जाऊ शकते. तंबाखूची सवय असणाऱ्यांनी रक्त येत नाही म्हणून निर्धास्त राहू नये, कारण तंबाखूमुळे आजार असूनही रक्तस्राव कमी दिसतो. दातांच्या फटींसाठी मिळणारा लहान ब्रश मी आता रोज रात्री वापरतो. दर तीन महिन्यांनी हिरड्या मोजून घेतो आणि मोजमापाच्या तक्त्याची एक प्रत मधुमेहाच्या फाइलमध्ये लावतो, म्हणजे दोन्ही डॉक्टरांसमोर तेच आकडे असतात.