हॅम म्हणजे मटण नव्हे

व्हर्जिनियात राहायला आलो त्या वर्षीच्या डिसेंबरात मी हॅम, म्हणजे मीठ लावून टिकवलेली डुकराची एक अख्खी तंगडी विकत आणली. कापडी पिशवीत शिवलेली, 14 पौंडांची, म्हणजे सहा किलोंच्याही वर. दुकानात ती फ्रिजमध्ये नव्हती, छताला टांगलेली होती. तिथेच खरं तर माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. घरी पिशवी उसवली तर वरून पांढरी-हिरवट बुरशी. नवरा म्हणाला, परत देऊन ये. बुरशी घासून काढायची असते एवढं दुकानदाराने सांगितलं होतं, म्हणून मी ब्रश घेऊन ती घासली आणि तंगडी सरळ ओव्हनमध्ये ढकलली. दुकानदाराने पुढेही काहीतरी सांगितलं असणार, पण त्याचे उच्चार तेव्हा माझ्या कानात शिरत नव्हते.

वास असा सुटला की जेवायला बोलावलेली तिन्ही कुटुंबं स्वयंपाकघरातच घोटाळायला लागली. पहिला घास घेतला आणि टेबलावर सामसूम. मग कोणीतरी पाणी मागितलं. मग सगळ्यांनीच मागितलं. शेवटी मी कुकर लावला आणि वरणभातावर भागवलं. लोणचं कोणी घेतलं नाही. मीठ सगळ्यांच्या पोटात आधीच भरपूर गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी शेजारणीला सांगितलं. बाई सत्तरीच्या पुढची, जन्म इथलाच, मला बेबी म्हणते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "भिजवलं नाहीस?"

मी वेंगुर्ल्याची. खारा बांगडा न भिजवता आमटीत सोडणाऱ्या सुनेला आमच्याकडे काय काय ऐकून घ्यावं लागलं असतं ते मला पाठ आहे. आणि नेमकं तेच मी केलं होतं, ते का, तर मी हॅमला मटण समजत होते. ते मटण नाही. ते सुकवणीच्या घरातलं आहे. खारं, सुकट, जवळा यांच्या रांगेत ते बसवलं की पुढचं सगळं आपोआप सुचतं.

तर आधी दुकानातला गोंधळ मिटवू. इथे दोन जातींची हॅम मिळतात. एक ओलं, गुलाबी, प्लास्टिकमध्ये बंद केलेलं. त्यात मिठाचं पाणी टोचून भरतात, धूर देतात आणि बहुतेक वेळा शिजवूनच विकतात. वेष्टनावर 'फुली कुक्ड' लिहिलेलं असलं तर आपण फक्त गरम करायचं. त्याच वेष्टनावर 'वॉटर ॲडेड' असं बारीक अक्षरात असेल तर ते दुकानातच ठेवून द्या. पाण्याला मटणाचा भाव कशाला द्यायचा? दुसरी जात म्हणजे माझी ती छताला टांगलेली, कंट्री हॅम. तिला कोरडं मीठ चोळतात, धूर देतात आणि महिनोन् महिने टांगून ठेवतात. पाणी सुटत जातं, मूळ वजनाच्या किमान 18 टक्के तरी ते कमी व्हायलाच लागतं, नाहीतर कंट्री हॅम हे नाव लावता येत नाही.

आमच्या राज्यात या बाबतीत लोक भलतेच हळवे आहेत. स्मिथफील्ड नावाचं गाव आहे, तिथल्या हॅमसाठी 1926 मध्ये कायदाच केला गेला, की त्या गावाच्या हद्दीत खारवलेलं नसेल तर स्मिथफील्ड हॅम म्हणायचं नाही. डुकरंसुद्धा शेंगदाण्याच्या पट्ट्यातली हवीत, अशी अट तेव्हा होती. गावातल्या संग्रहालयात 1902 साली खारवलेलं एक हॅम काचेमागे ठेवलं आहे. आम्ही पाहून आलो. काळपट, आक्रसलेलं, जुन्या चपलेसारखं दिसतं. नवरा बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "तू केलेलं याच्यापेक्षा मऊ होतं." याला मी कौतुक समजले.

आता कंट्री हॅम कसं करते ते सांगते, कारण विचारणारे हेच विचारतात. ताठर ब्रश आणि कोमट पाण्याने बुरशी आणि मिरीचा थर घासून काढायचा. मग पूर्ण बुडेल एवढ्या थंड पाण्यात दीड दिवस. माझ्या फ्रिजमध्ये ती तंगडी मावत नाही, म्हणून सहलीला नेतो त्या बर्फाच्या पेटीत ठेवते, बर्फ घालत राहते आणि पाणी तीन-चारदा बदलते. बदलताना पाणी चाखून बघते. पहिलं समुद्रासारखं लागतं, शेवटचं पेजेत घातलेल्या मिठाएवढं. त्यानंतर मोठ्या पातेल्यात मंद आचेवर, पौंडाला साधारण वीस मिनिटं. पाणी उकळ्या मारता कामा नये, नुसतं हललं पाहिजे. हाडाजवळ सुरी सहज आत गेली की उतरवायचं, कातडी सोलायची, खालच्या चरबीवर सुरीने शंकरपाळ्यांसारख्या रेघा मारायच्या.

त्या रेघांवर इथे लोक ब्राउन शुगर आणि लवंगा लावतात, काही जण वर अननसाच्या चकत्या आणि मधोमध लाल चेरी टोचतात. ते मला पंगतीत रबडीवर पेढा ठेवल्यासारखं वाटतं, पण ज्याची त्याची आवड. मी गूळ लावते. चार-पाच आमसुलं अर्धी वाटी गरम पाण्यात भिजवून कुस्करायची, त्यात वाटीभर गूळ, चमचाभर वाटलेली मोहरी, लवंगेची पूड, आणि चमच्यावरून सावकाश घसरेपर्यंत आटवायचं. कोकमाचं आगळ घेऊ नका. आगळात मीठ असतं आणि एवढ्या खटपटीने काढलेलं मीठ पुन्हा अंगावर घेण्यात अर्थ नाही. मग तंगडी ओव्हनमध्ये ठेवायची आणि हा पाक तिथल्या शेवटच्या वीस मिनिटांतच लावायचा, गूळ आधी लावला तर करपतो. आणि कापायचं ते पातळ, उडदाच्या पापडाएवढं. जाड तुकडा कापला की पुन्हा सगळे पाणी मागतील.

ईस्टरला शेजारणीकडे तीसेक माणसं जेवायला असतात. तिथे मात्र ओलंच हॅम लागतं, गोल गोल चिरत नेलेलं, हाडाभोवती वेटोळं घातल्यासारखं. हे चिरण्याचं यंत्र डेट्रॉइटच्या हॅरी होन्सेलार यांनी काढलं, 1952 मध्ये त्याचं पेटंट मिळालं. माणूस हुशार, पण चिरलेलं हॅम फार पटकन कोरडं पडतं. म्हणून कापलेली बाजू खाली करून, तळाशी थोडं पाणी घालून, वर फॉइल घट्ट लावून 325 फॅरेनहाइटवर ठेवायचं आणि आतलं तापमान 140 झालं की काढायचं. हा आकडा आधी शिजवलेल्या हॅमचा आहे. कच्चं आणलं असेल तर 145, आणि मग तीन मिनिटं तसंच राहू द्यायचं.

रोजच्या जेवणाला हॅम भाजीसारखं नव्हे, मिठासारखं वापरते. कोबीच्या भाजीत मूठभर बारीक तुकडे, फोडणीत आधी परतून. रात्रीचा भात सकाळी फोडणीला टाकताना कांद्याबरोबर थोडं. माठाच्या भाजीत आई जवळा घालायची, इथे लोक कॉलर्ड नावाच्या राठ पाल्यात धुरवलेलं हॅमचं हाड घालतात. दोन्हींत डोकं एकच चाललंय, पाल्याला चव द्यायची आणि घरात जे टिकाऊ आहे ते थोडंथोडं पुरवायचं. कंट्री हॅमचा तुकडा तव्यावर परतून त्याच तव्यात काळी कॉफी ओतायची, याला इथे रेड-आय ग्रेव्ही म्हणतात. मी दोनदा केली. घावन्यांबरोबर हॅम छान लागलं, कॉफी मी पिऊन टाकली.

हाड मात्र कधी टाकत नाही. ते पिशवीत घालून फ्रीझरमध्ये जातं आणि 1 जानेवारीला बाहेर येतं. त्या दिवशी इथल्या दक्षिणेत घरोघरी चवळी शिजते. हो, आपली डोळ्याची चवळी. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांबरोबर ती इथे आली आणि आता वर्षभराच्या नशिबासाठी सगळेच खातात, भातात घालून, हॅमच्या हाडाबरोबर. शेजारणीने पहिल्या वर्षी वाडगा भरून दिला तेव्हा मी झाकण उघडून चक्क हसले. एवढ्या लांब येऊन उसळच निघाली!

माझी पद्धत अशी. हाड कुकरमध्ये नुसत्या पाण्यात पाऊण तास. त्या पाण्यात रात्री भिजवलेली चवळी, चार तिरफळं, दोन आमसुलं. कांदा-लसणाची फोडणी. मीठ अजिबात नाही, अगदी शेवटी चाखून लागलं तरच. भाजक्या खोबऱ्याचं वाटप मी एकदा घातलं होतं, धूर आणि वाटप एकमेकांच्या अंगावर आले. वरून ओलं खोबरं पुरे.

आई दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात आली होती. डुक्कर आमच्या घरात कधी शिजलं नाही, त्यामुळे मी तिला वेगळी उसळ काढून ठेवली होती. तिने माझ्या ताटातली चमचाभर घेतली, तोंडात घोळवली आणि म्हणाली, "गो, हो खारोच आसा मगे!" मग तिरफळं कमी पडलीत म्हणाली. पुढच्या वेळी सहा घालणार आहे.

परवा ईस्टर. शेजारणीला सांगून ठेवलंय की ओल्याबरोबर या वेळी एक कंट्रीही माझ्याकडून, गूळ-आमसुलाचं. पेटी कपडे धुण्याच्या खोलीत आहे, रात्रीचे अकरा वाजलेत, आणि आताच तिसरं पाणी चाखून आले. अजून खारट आहे. बर्फ आणायला नवरा गेलाय.