साडेसातची मोटर

2023 च्या ऑगस्टात मी आमच्या ग्रामपंचायतीची अध्यक्ष झाले. कर्नाटकात पंचायत पाच वर्षांची असली तरी अध्यक्षपद अडीच-अडीच वर्षांनी बदलतं. दुसऱ्या पाळीचं आरक्षण महिलेला निघालं आणि वॉर्डातल्या लोकांनी माझं नाव पुढे केलं. त्याआधी मी घरी शिलाई मशीन चालवायची, अजूनही चालवते. खानापूर तालुक्यातलं आमचं गाव, वस्ती अठराशेच्या आसपास, शिवाय नाल्यापलीकडची एक वाडी.

खुर्चीवर बसल्यावर पीडीओ, म्हणजे पंचायत विकास अधिकारी, साहेबांनी पहिली फाइल पुढे केली ती वीज बिलाची. थकबाकी एवढी साठली होती की ती भरायची तर त्या वर्षी एकाही गल्लीचं गटार धरता आलं नसतं. मी ग्रामसभेत विषय काढला. नेमकी त्याच महिन्यात राज्य सरकारच्या गृहज्योती योजनेची शून्य बिलं घरोघरी यायला लागली होती, 200 युनिटांच्या आतली. एक तात्या उठून म्हणाले, "अगं पोरी, बिल सरकारनं माफ केलंय न्हवं? मग पंचायतीला कसलं बिल?" सभेतले निम्मे लोक माना हलवत होते. घराचा मीटर वेगळा, रस्त्यावरच्या दिव्यांचा आणि नळपाण्याच्या मोटरचा वेगळा. त्याचा दर एलटी-6 या वेगळ्या वर्गात येतो आणि ते बिल गावानंच भरायचं असतं, हे सांगता सांगता माझा घसा बसला. पण तात्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. आम्हा सदस्यांपैकी तरी कितीजणांना ठाऊक होतं की गावाच्या नावावर किती आरआर नंबर, म्हणजे वीजजोडण्या, आहेत? मला ठाऊक नव्हतं.

सगळ्यांचा रोख दिव्यांवर होता. सकाळी नऊ वाजले तरी खांबावर दिवे जळतात, हे शाळेत जाणारं पोरसुद्धा बघत होतं. म्हणून आम्ही दिव्यांपासूनच सुरुवात केली. एका रात्री मी, माझा मुलगा आणि आमचे वॉटरमन मामा, तिघं वही घेऊन निघालो. रजिस्टरात 71 दिवे होते, खांबावर भरले 64. त्यातल्या 52 जुन्या ट्यूबलाइट आणि 12 सोडियमचे पिवळे दिवे. बेळगावात इलेक्ट्रिकलला शिकणारा माझा भाचा फोनवर म्हणाला, "मावशी, 40 वॅटची ट्यूब 40 धरू नकोस. जुना चोक धरून ती 55 पर्यंत खाते." 150 चा सोडियमही चोकसकट 170 च्या घरात जातो. सगळं मिळून 4,900 वॅट झाले. बारा तासांना 59 युनिटं, आणि सकाळी बंद करायला उशीर झाला की 70 च्या पुढं.

माझी समजूत होती की रोग सापडला. भाच्यानं विचारलं, "आणि मोटर?"

मोटरचा मीटर वेगळ्या खोलीत, टाकीच्या पायथ्याशी. मामांना मी विनंती केली की रोज सकाळी चालू करताना आणि रात्री बंद करताना मीटरवरचा आकडा लिहून ठेवा. मामा तीस वर्षं गावाला पाणी सोडतात; कुठला व्हॉल्व्ह किती आटे फिरवायचा ते त्यांच्या हाताला ठाऊक. लिहिण्याचा मात्र त्यांना कंटाळा. पहिल्या आठवड्यात चारच दिवसांचे आकडे आले, पण तेवढ्यानं काम झालं. मोटर रोज 15-16 तास चालत होती आणि 96 युनिटं घेत होती. रस्त्यावरचे सगळे दिवे मिळून घेत नव्हते तेवढी वीज ती खोलीत बसून खात होती, आणि तिच्याकडं कुणाची नजर नव्हती, कारण ती दिसत नाही.

यानंतर जे केलं ते मी जरा सविस्तर लिहिते. कुठल्याही पंचायतीला ते पैसा खर्च न करता करता येईल.

आमची टाकी 50,000 लिटरची, गोल, आतून 5 मीटर व्यासाची. म्हणजे पाणी एक सेंटिमीटर चढलं की जवळपास 196 लिटर आलं असं समजायचं. जानेवारीत एका सकाळी गावाला पाणी सोडून झाल्यावर मामांनी खाली जाणारा व्हॉल्व्ह घट्ट बंद केला. एक सरळ बांबू घेऊन ते टाकीवर चढले. बांबू तळाला टेकवून वर काढला, ओल जिथवर आली तिथं खडूची रेघ मारली आणि वरून हाक दिली, "सोडा!" मी खाली बटण दाबलं, मीटरचा आकडा लिहिला, घड्याळ बघितलं. बरोबर एका तासानं मोटर बंद. मामांनी पुन्हा बांबू बुडवला, दुसरी रेघ मारली आणि बांबू दोरीनं खाली सोडला. माझी शिलाईची टेप पिशवीत होतीच. दोन रेघांमधलं अंतर 32 सेंटिमीटर, मीटरवर 6 युनिटं. तासाला सव्वासहा हजार लिटर. म्हणजे हजार लिटरला जवळजवळ एक युनिट.

हे जास्त की कमी, ते मला कळत नव्हतं. भाच्यानं सोपं गणित दिलं: सेकंदाला किती लिटर येतं ते किती मीटर वर चढवायचं त्यानं गुणायचं आणि 102 नं भागायचं, पाण्याला खरोखर लागणारे किलोवॅट मिळतात. आमच्या बोअरमधल्या पाण्यापासून टाकीच्या तोंडापर्यंत, पाइपातली घासण धरून, उंची 70 मीटर. सेकंदाला पावणेदोन लिटर. उत्तर आलं 1.2 किलोवॅट. मीटरवरून जात होते 6. पाच रुपयांपैकी चार रुपये वाटेतच सांडत होते.

कुठं सांडतात ते शोधायला आम्ही पाइपलाइनवरून चालत गेलो. नाल्याच्या कडेला एका जागी बारा महिने हिरवंगार अळू असायचं. गावातल्या बायका वड्यांना पानं तिथूनच आणत, मीही आणली आहेत. आम्ही सगळे त्याला झरा समजत होतो. मामांनी कुदळीनं दोन हात खणलं आणि पाइपाचा जॉइंट दिसला, त्यातून पाण्याची बोटभर धार. मामा बराच वेळ तिथंच बसून राहिले. "बाई, माझ्या डोळ्यांदेखत गं," एवढंच म्हणाले. मी त्यांना म्हटलं की तुम्ही एकट्यानं नाही, अख्ख्या गावानं ही पानं खाल्ली आहेत.

जॉइंट दुरुस्त झाल्यावर पुन्हा बांबू बुडवला: 38 सेंटिमीटर. मग मोटर वर काढली. ती तीनदा रिवाइंड झालेली, आतले इम्पेलर, म्हणजे पाणी वर ढकलणारी चाकं, झिजून धारदार झालेले, आणि नॉन रिटर्न व्हॉल्व्ह गळका, म्हणजे रात्री मोटर बंद झाली की पाइपातलं पाणी परत बोअरमध्ये उतरायचं आणि सकाळी सगळं पुन्हा भरत बसायचं. दुरुस्ती करत बसण्यात अर्थ नव्हता.

खरी लढाई इथं सुरू झाली. हिशेबानं आम्हाला 5 एचपीची, फाइव्ह स्टारची मोटर पुरत होती. गावात बातमी पसरली की अध्यक्षीण साडेसातची मोटर काढून पाचची बसवणार. साडेसात हा आमच्याकडं मानाचा आकडा आहे. लग्नात पंगत मोठी तशी गावाची मोटर मोठी. मामासुद्धा विरोधात. म्हणाले, "पाचची बसवली आणि उन्हाळ्यात पाणी चढलं न्हाई तर बायका घागरी घेऊन माझ्या दारात येतील, तुमच्या न्हवं." अंदाजपत्रक तयार होऊन आलं त्यातही साडेसातच लिहिलेलं, कारण आधी होती तीच पुन्हा लिहायची पद्धत. ते करणाऱ्या कचेरीत मी तीन चकरा मारल्या. तिसऱ्या चकरेला मामांच्या वहीची झेरॉक्स, दोन्ही चाचण्यांचे आकडे आणि कंपनीच्या पत्रकातला 70 मीटरवर किती पाणी मिळेल तो तक्ता घेऊन गेले. तिथल्या साहेबांनी दहा मिनिटं कागद बघितला आणि खोडून 5 केलं.

पैशाची वाट मला पीडीओ साहेबांनी दाखवली. तेव्हाच्या पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातला 60 टक्के भाग बांधलेला होता, पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांच्यासाठीच. उरलेला 40 टक्के मोकळा. मोटर बांधलेल्या भागातून, दिवे मोकळ्या भागातून. दोन फाइली, दोन ठराव. ठराव कन्नडमध्ये लिहायचा असतो आणि माझं सातवीपर्यंतचं शिक्षण मराठी शाळेतलं. साहेब बैलहोंगलकडचे, कन्नड घरातले. ते म्हणाले, "अक्का, तुम्ही मराठीत सांगा, मी लिहितो, मग वाचून दाखवतो." त्यांच्याकडून मला कळलं की कन्नडमध्येही ठरावाला ठरावच म्हणतात, नुसता शेवटी उकार. रस्त्यावरच्या दिव्याला बीदी दीप. आज मी त्या फाइलीतली दोन पानं अडखळत का होईना, वाचू शकते. सही करण्याआधी आपला ठराव आपल्याला वाचता यावा असं मला मनापासून वाटत होतं.

मोटर बसली मार्चअखेरीस, ऐन कडक उन्हात. गावातले पन्नासेक लोक टाकीखाली जमले होते. मामा बांबू घेऊन वर. एक तास कुणी जागचं हललं नाही. बांबू खाली आला, टेप लावली: 48 सेंटिमीटर. मीटरवर सव्वाचार युनिटं. लहान मोटर जास्त पाणी देत होती. टाकी आठ तासांऐवजी सव्वापाच-साडेपाच तासांत भरू लागली आणि रोजची 96 युनिटं 45 वर आली. जलजीवन मिशनच्या हिशेबानं माणशी 55 लिटर म्हणजे आमच्या गावाला रोज लाखभर लिटर लागतं, टाकी दोनदा भरायची असते. ते काम आता अकरा तासांच्या आत उरकतं आणि बोअरलाही विश्रांती मिळते. मामा त्या दिवसापासून रोजचे आकडे न चुकता लिहितात.

दिव्यांच्या बाबतीत मात्र माझ्याकडून चूक झाली. पहिली खेप घेताना मी वॅट आणि किंमत एवढंच बघितलं. 20 वॅटचे एलईडी, सगळ्यांत स्वस्त. आमच्याकडचा जूनचा पाऊस म्हणजे आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, कडाडून वीज होते. जुलै संपेपर्यंत 40 पैकी 14 दिवे गेले. काहींत पाणी शिरलं होतं, काही विजेच्या झटक्यानं जळले होते, आणि विकणारा फोन उचलेना. अंधारात एक आजी घसरून पडल्या, त्यांचा हात मोडला. ते मी विसरू शकत नाही. दुसऱ्या खेपेला मागणीपत्रातच लिहिलं: आयपी-66, म्हणजे आत पाणी-धूळ न शिरणारा दिवा, विजेच्या झटक्यापासून वाचवणारं 10 केव्हीचं सर्ज प्रोटेक्शन, पाच वर्षांची हमी आणि हमीच्या काळात बदलून द्यायची लेखी मुदत. सोडियमच्या जागी 70 वॅटचे घेतले. किंमत वाढली, पण पुढच्या पावसाळ्यात त्यातला एकही गेला नाही. सोबत टायमर बसवले, तेही बॅटरीवाले; साधा टायमर बत्ती गेली की घड्याळ मागं पडून दिवस उजाडला तरी दिवे जळत ठेवतो. आता दिव्यांची रोजची 22-23 युनिटं होतात.

आणखी एक गोष्ट, जी आम्हाला कुणीच सांगितली नाही. पाण्याच्या मोटरला स्थिर आकार, म्हणजे दर महिन्याची ठरलेली रक्कम, एचपीवर लागतो. मोटर पाचची बसवली तरी मंजूर भार साडेसातचाच राहतो, तो कमी करून घ्यायला पंचायतीनं अर्ज द्यावा लागतो. आम्ही तीन महिने दिला नाही आणि नसलेल्या अडीच एचपीचे पैसे भरत राहिलो. मोटर बदलाल त्याच आठवड्यात तो अर्ज द्या.

थकबाकी हप्त्यांनी फिटली आणि दोन गल्ल्यांची गटारं झाली. शाळेत चार वर्गांचे पंखे बदलले, 75 वॅटच्या जागी 30 चे. पण गुरुजी म्हणतात, पोरांना त्याहून आवडलं ते खिडक्यांचे गंजलेले पत्रे काढून काचा बसवल्या ते. दिवसा दिवाच लागत नाही.

वाडीच्या मोटरची चाचणी अजून राहिली आहे. तिचे मीटरचे आकडे सांगतात की तिथंही असंच काही असणार. पण त्या टाकीची लोखंडी शिडी गंजली आहे, तिसऱ्या पायरीला हात लावला तर भुगा पडतो, आणि मामांना त्यावर चढवायची माझी तयारी नाही. शिडीचं अंदाजपत्रक केलं आहे. वही, बांबू आणि टेप मी पंचायतीच्या कपाटात ठेवली आहेत, डावीकडच्या खणात.