सलाईन सोडायचं का नाही

रात्रीचे अडीच, नाईट ड्युटी. बायपास होऊन दुसराच दिवस झालेले बीडकडचे एक मामा, बीपी ८४ वर आलं, लघवी तासाला २० मिली, आन पोरगा दारातूनच म्हणायला, "डॉक्टर, सलाईन लावा ना, बापू लई अशक्त दिसायलेत." आपल्याकडं सलाईन म्हणजे सगळ्यावर इलाज, मी पण लहानपणी ताप आला की गावच्या डॉक्टरकडं बाटली लावूनच घरी यायचो.

पण बीपी पडलेल्या पेशंटपैकी साधारण निम्म्यांचंच हृदय सलाईननं जास्त रक्त फेकतं, बाकीच्यांना ते नुसतं सुजवतं, फुफ्फुसात उतरतं. मामांचा सीव्हीपी, म्हणजे हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतलं प्रेशर, ५ होता, म्हणजे टाकी रिकामी असं आम्ही समजायचो. मागच्याच महिन्यात एका मावशींना असाच आकडा बघून मी दोन बाटल्या सोडल्या आन पहाटे बायपॅप, म्हणजे मास्कमधून श्वास देणारं मशीन, लावायची वेळ आली, ते अजून डोक्यातून जात नाही.

पल्स प्रेशर व्हेरिएशन, म्हणजे श्वासागणिक नाडीचं प्रेशर किती बदलतं ते, १३ टक्क्यांच्या वर असलं की सलाईन लागू पडतं म्हणतात, पण श्वास पूर्ण मशीनचा आन ठोके रेग्युलर असले तरच. मामांची श्वासाची नळी कालच निघालेली, त्यात एएफ, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित, ठोक्याला ठोका जुळंना. मॉनिटर २२ टक्के दाखवायला, काय लोणचं घालायचंय त्याचं?

छातीतले ड्रेन, म्हणजे रक्त बाहेर काढणाऱ्या नळ्या, बघितले, ब्लीडिंग नाही, इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाभोवती काही साठलेलं नाही. मग पाय उचलून बघायचं ठरवलं. डोकं ४५ अंशावर असलेला बेड रिमोटनं तिरका केला, धड आडवं, पाय वर, हातानं नाही, कारण बायपाससाठी एका पायाची शीर काढलेली, मांडीपर्यंत पट्टी, आन दुखलं की बीपी उगाच वाढतं, आपण फसतो. पायातलं ३०० मिलीच्या आसपास रक्त हृदयाकडं येतं, घरचंच सलाईन, नाही मानवलं तर पाय खाली केले की परत.

एएफ म्हणून दहा ठोक्यांची सरासरी काढली, व्हीटीआय, म्हणजे एका ठोक्याला हृदय किती रक्त फेकतं याचा इकोवरचा अंदाज, आला १३. पाय वर केल्यावर मिनिटाच्या आत १६. सिस्टर म्हणल्या, "सर, उडी मारली की!"

२५० मिली आरएल, म्हणजे रिंगर लॅक्टेटचं सलाईन, सोडलं, बीपी ९८. परत पाय उचलले, आता १६ चे १६च. तिथंच थांबलो, बीपी वाढवायचं औषध नॉरअ‍ॅड जरासं वाढवलं.

सकाळी पोरगा आत आला, "अर्धीच बाटली काहून लावली?" म्हणलं, पुरे तेवढी. त्याला काय पटलं नाही, सिस्टर उरलेली बाटली काढायल्या तर तो तिच्याकडंच बघत उभा.